जपानी कुटुंबात राहून शिकताना : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात जपानमधील शिक्षणाविषयीची माहिती प्रसिद्ध झाल्यानंतर जी पत्रे आली, त्यांत विद्यापीठांविषयीची विचारणा थोडी आणि राहण्याविषयीची अधिक होती. जपानी कुटुंबात, म्हणजे आता सर्रास ‘होमस्टे’ म्हणतात त्या पद्धतीने, राहून शिकावे की नाही, याबद्दल पालक आणि विद्यार्थी या दोघांच्याही मनात कुतूहलाइतकीच धास्ती दिसते. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्न येथे संक्षेपाने दिले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. एका विद्यार्थी-विनिमय संस्थेमार्फत सुमारे दहा महिन्यांसाठी जपानमधील शाळेत जाण्याकरिता तिची निवड होण्याची शक्यता आहे. तेथील कुटुंब तिला ठेवून घेण्याचे पैसे घेत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. परक्या मुलीला कोणी वर्षभर फुकट का सांभाळील? आम्हाला हे संशयास्पद वाटते. (एक पालक, नाशिक)

उत्तर : आपला संशय स्वाभाविक आहे, परंतु ज्या गोष्टीवर तो आला आहे, ती गोष्ट मात्र खरी आहे. एएफएस किंवा रोटरी यांसारख्या संस्थांच्या शालेय विनिमय कार्यक्रमांत जपानी कुटुंबे विद्यार्थ्यांना स्वयंसेवक म्हणूनच घरी ठेवून घेतात. एएफएस ही संस्था मुळात पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या रुग्णवाहिका दलातून जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशांत पाठवण्याचे काम हाती घेतले आणि जपानी विद्यार्थी १९५४ पासून त्यात सहभागी होऊ लागले. म्हणजे आज आपल्या मुलीला घरी ठेवणाऱ्या कुटुंबातील एखादी आजीच तरुणपणी अमेरिकेतील कोणा अनोळखी कुटुंबात वर्षभर राहून आलेली असू शकते. याखेरीज मुले मोठी होऊन घर रिकामे झालेली दांपत्ये असतात, आपल्या लहान मुलांच्या कानावर परदेशी माणसाचे बोलणे पडावे अशी इच्छा असलेले आईवडील असतात, आणि ज्यांचा स्वतःचा मुलगा त्याच वर्षी परदेशात गेला आहे अशी कुटुंबेही असतात. आपण संस्थेला जे शुल्क भरता ते प्रवास, विमा, निवड, प्रशिक्षण आणि देखरेख यांसाठी असते.

संशय घ्यायचाच तर तो पैशांविषयी न घेता देखरेखीविषयी घ्यावा. मुलीच्या गावात संस्थेचा स्थानिक स्वयंसेवक कोण आहे, तो तिला कुटुंबापासून वेगळे कधी व किती वेळा भेटणार आहे, रात्री-अपरात्री तिने कोणत्या क्रमांकावर फोन करायचा आणि कुटुंबाशी न जमल्यास घर बदलून देण्याची पद्धत काय आहे, हे सर्व लेखी मागावे. घर बदलणे ही काही नामुष्कीची बाब नव्हे. रोटरीच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत तर एकाच विद्यार्थ्याने क्रमाक्रमाने एकाहून अधिक कुटुंबांत राहणे हाच सर्वसाधारण रिवाज आहे. जी संस्था या प्रश्नांची उत्तरे देताना ‘काळजी करू नका, सगळे होऊन जाईल’ असे म्हणते, तिच्याबद्दल मात्र जरूर काळजी करावी.

बंधने बरीच असतील, याची मुलीला आधीच कल्पना द्यावी. परवानगीवाचून एकटीने दूरचा प्रवास करता येणार नाही, अर्थार्जनाचे काम करता येणार नाही आणि सायंकाळी घरी परतण्याची वेळ कुटुंब ठरवील. जपानमध्ये सज्ञान होण्याचे वय एप्रिल २०२२ पासून १८ झाले असले, तरी मद्य आणि धूम्रपान यांसाठीची वयोमर्यादा आजही २० वर्षांचीच आहे, आणि विनिमय कार्यक्रमांत हा नियम मोडणाऱ्याला परत पाठवले जाऊ शकते. आणखी एक गोष्ट व्यवहाराची: जपानी शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे आपल्या शैक्षणिक वर्षाशी त्याचा मेळ बसत नाही. परत आल्यावर मुलीला कोणत्या इयत्तेत बसता येईल, हे तिच्या कनिष्ठ महाविद्यालयाकडून जाण्यापूर्वीच लेखी घेऊन ठेवावे.

प्रश्न : मी बी.एस्सी. झालो असून टोकियोतील एका भाषाशाळेत प्रवेश घेण्याच्या विचारात आहे. येथील एजंटाच्या म्हणण्याप्रमाणे मी जपानी कुटुंबात राहून अर्धवेळ काम केले, तर शुल्क आणि राहणे-जेवणे असा सर्व खर्च कामाच्या पैशांतून सुटेल. कर्ज काढावे काय? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : या हिशेबावर विसंबून कर्ज मुळीच काढू नये. आकडे मांडून पाहिले, तर कारण आपल्याच ध्यानात येईल. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला वेगळी परवानगी घेतल्यानंतर आठवड्याला जास्तीत जास्त २८ तास काम करता येते आणि ही मर्यादा सर्व ठिकाणच्या कामांचे तास मिळून असते. शाळेच्या दीर्घ सुट्टीत ती दिवसाला ८ तासांपर्यंत वाढते. टोकियोतील किमान वेतन ऑक्टोबर २०२४ मध्ये ताशी ११६३ येन झाले. त्या दराने चार आठवडे पूर्ण २८ तास काम केले, तर हाती सुमारे १ लाख ३० हजार येन येतात. भाषाशाळेचे वर्षाचे शुल्कच साधारणतः ७ ते ९ लाख येनच्या घरात असते. त्यात कुटुंबाला द्यायची मासिक रक्कम, दुपारचे जेवण, रेल्वेचा पास, आरोग्य विम्याचा हप्ता आणि फोन मिळवा, म्हणजे शिल्लक किती राहते ते दिसेल. शिवाय पहिल्या दिवसापासून काम मिळेल हे गृहीतही चुकीचे आहे, कारण ग्राहकाचे बोलणे समजत नाही तोवर दुकानदार तरी काम कसे देणार? २८ तासांची मर्यादा ओलांडून पैसे मिळवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो माणूस आपला हितचिंतक नाही असे खुशाल समजावे. मुदतवाढीच्या वेळी हे उघडकीस येते आणि व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

आता कुटुंबात राहण्याविषयी. विनिमय कार्यक्रमातील स्वयंसेवी कुटुंब वेगळे आणि भाषाशाळा किंवा मध्यस्थ संस्था पैसे घेऊन जे घर मिळवून देतात ते वेगळे. दुसऱ्या प्रकारात सकाळचे आणि रात्रीचे जेवण सहसा धरलेले असते, दुपारचे नसते. घरे बहुधा उपनगरांत असतात, त्यामुळे शाळेपर्यंत तासाभराचा रेल्वेप्रवास आहे असे धरूनच चालावे. ही सोय वसतिगृहापेक्षा स्वस्त पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. माझे मत विचाराल, तर ज्याला अर्धवेळ काम करणे भागच आहे, त्याने कुटुंबात दीर्घकाळ राहू नये. विद्यार्थ्यांना मिळणारी कामे प्रामुख्याने उपाहारगृहांतील आणि चोवीस तास चालणाऱ्या दुकानांतील असून त्यांच्या पाळ्या नेमक्या जेवणाच्या वेळी किंवा रात्री उशिरा असतात. घरातली माणसे निजल्यावर दार उघडून आत येणाऱ्या आणि टेबलावर झाकून ठेवलेले गार जेवण एकट्याने जेवणाऱ्या विद्यार्थ्याला कुटुंबात राहण्याचा लाभ काहीच मिळत नाही, कुटुंबाची झोपमोड तेवढी होते. त्यापेक्षा पहिले दोन-तीन महिने कुटुंबात राहावे, त्या काळात काम न करता भाषेवर भर द्यावा आणि मग वसतिगृहात जावे, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

प्रक्रियेविषयी थोडक्यात सांगायचे तर, आपल्या वतीने शाळाच जपानच्या इमिग्रेशन खात्याकडे पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करते. ते प्रमाणपत्र आल्यावर व्हिसाचा अर्ज येथे करायचा असतो, आणि महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी मुंबईचे जपानी महावाणिज्य दूतावास आहे. प्रमाणपत्राची मुदत तीन महिन्यांची असते. मुख्य प्रवेश एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होतात आणि अर्ज त्याच्या कित्येक महिने आधी जातात. बहुतेक शाळा जपानीचा सुमारे १५० तासांचा अभ्यास किंवा जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची एन-५ ही पातळी मागतात. खर्च उचलणाऱ्या पालकांच्या उत्पन्नाची आणि ठेवींची कागदपत्रे द्यावी लागतात. तेव्हा मुळात ‘सर्व खर्च मी तेथे कमावून भागवीन’ हे म्हणणे अर्जाच्या स्वरूपातच बसत नाही, हे एजंटाला ठाऊक नसेल असे वाटत नाही.

प्रश्न : आम्ही पूर्णपणे शाकाहारी आहोत. मुलाला अंडेही चालत नाही. जपानी कुटुंबात त्याची उपासमार होईल काय? शाकाहारी असल्याचे अर्जात लिहिले, तर निवड होणार नाही, म्हणून ते लिहू नये, असे एका ओळखीच्यांनी सुचवले आहे. (एक पालक, सांगली)

उत्तर : ओळखीच्यांचा सल्ला कृपया ऐकू नये. येथे ताकाला जाऊन भांडे लपवले, तर त्याचे परिणाम मुलाला रोज तीन वेळा ताटात दिसतील. अन्नाची बंधने कडक असली की कुटुंब मिळायला वेळ लागतो हे खरे आहे, परंतु उशिरा मिळालेले घर हे आधीच चुकीची माहिती दिलेल्या घरापेक्षा केव्हाही बरे.

अडचण नेमकी कोठे येते, ते समजून घ्यावे. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचा रस आहे आणि घरोघरी तो बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून किसलेला बोनिटो मासा, वापरून होतो. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घालून केलेले सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस, इतकेच काय, गोडसर तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरून केलेले इनारी सुद्धा या रसातून गेलेले असते. त्यामुळे ‘मी मांस खात नाही’ असे सांगितल्यावर यजमान गृहिणी पूर्ण सद्भावनेने मांसाचे तुकडे वगळते आणि सूपातील माशाचा अर्क तसाच राहतो, कारण तिच्या दृष्टीने तो मसाल्यासारखा आहे. हॅमचे तुकडे घातलेली कोशिंबीर समोर येण्याचे कारणही हेच. म्हणून ‘शाकाहारी’ एवढा एक शब्द कळवून थांबू नये. काय चालत नाही याची यादी जपानीत लिहून द्यावी: गाय, डुक्कर, कोंबडी, मासे, कोळंबी-खेकडा, अंडी, माशाचा दाशी, जिलेटिन. आणि तिच्याखाली त्याहून मोठी यादी काय चालते याची द्यावी, कारण स्वयंपाक करणाऱ्या बाईला ‘हे नको, ते नको’ यापेक्षा ‘हे करता येईल’ याचा उपयोग अधिक होतो. भात, तोफू, जाड तळलेला तोफू, एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या हिरव्या शेंगा), नात्तो (आंबवलेले सोयाबीन), वांगे, लाल भोपळा, रताळे, मशरूम, दूध आणि दही ही नावे त्यात असू द्यावीत. दाशी कोंबू या समुद्री वनस्पतीचा किंवा वाळवलेल्या शिताके मशरूमचाही होतो आणि तो जपानी गृहिणीला अपरिचित नाही, एवढी एक ओळ त्या यादीत असली, तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

मुलाने वेष्टनामागील घटकांची यादी वाचायला शिकले पाहिजे. साधा मिसो चालेल, पण ‘दाशी घातलेला’ असे छापलेल्या मिसोत सहसा मासा असतो. सोया सॉस चालेल, पण नूडल्ससाठीच्या तयार सॉसमध्ये, म्हणजे मेन्त्सुयुत, बोनिटोचा अर्क असतो. बाजारातल्या करीच्या तयार वड्यांत अनेकदा गायीची किंवा डुकराची चरबी असते, आणि ‘करी म्हणजे आपलीच’ असे समजून आपली मुले नेमकी तेथेच फसतात. जपानमध्ये ज्या घटकांची ॲलर्जीकरिता ठळक नोंद करणे सक्तीचे आहे, त्यांत अंडी, दूध, गहू, कोळंबी, खेकडा इत्यादी आहेत, परंतु मासे त्या सक्तीच्या यादीत नाहीत. म्हणून केवळ ती चौकट पाहून भागत नाही, बारीक अक्षरांतली पूर्ण यादीच वाचावी लागते. त्यासाठी लागणारी पाच-सहा कांजी, म्हणजे चिनी वळणाची, अक्षरे येथूनच पाठ करून जावीत.

बौद्ध मठांतील ‘शोजिन’ भोजनाचे नाव घेतल्यास वयस्क यजमानांना आपली कल्पना चटकन कळते, कारण त्यात मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो. वाकायामा प्रांतातील कोयासानच्या मठांत यात्रेकरूंना असे जेवण मिळते. मात्र ते रोजच्या घरगुती स्वयंपाकाचे नाव नव्हे, हेही विसरू नये. रोज दोन स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीवर, आणि उच्च माध्यमिक शाळेत डबा न्यावा लागत असेल तर तिच्या पहाटेवरही, आपल्या नियमांचा भार पडतो. मुलाला वरण-भात, एखादी भाजी आणि पोळ्या करता येत असतील, तर त्याने आठवड्यातून एकदा स्वयंपाकघर मागून घ्यावे. फोडणीपूर्वी चुलीवरचा पंखा सुरू करावा आणि नंतर ओटा पुसून ठेवावा. भिडेखातर मात्र काहीही खाऊ नये. भीड ही भिकेची बहीण आहे असे आपण म्हणतो, आणि पहिल्या आठवड्यात भिडेने खाल्लेला मासा पुढचे दहा महिने ताटात येत राहतो.

याच विषयावर बार्शीहून एका जैन कुटुंबाने कंदमुळांबद्दल विचारले आहे. मुळा, गाजर, बटाटा, गोबो (बर्डॉक या झाडाचे लांब मूळ) आणि कमळकाकडी यांच्याशिवाय जपानी घरातील हिवाळ्याचा स्वयंपाक उभा राहत नाही. ते वर्ज्य असतील, तर कुटुंबात न राहता स्वतःचे स्वयंपाकघर असलेल्या वसतिगृहात राहणे दोन्ही पक्षांच्या सोयीचे होईल, असे स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

प्रश्न : मी सध्या ओसाकाजवळ एका कुटुंबात राहून भाषाशाळेत शिकतो. घरात साठीच्या पुढचे पति-पत्नी आहेत. पहिला महिना अतिशय चांगला गेला. आता काकू माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत. नाराज आहात का, असे मी विचारले, तर हसून ‘छे छे’ म्हणाल्या. माझे काय चुकते आहे, ते कळत नाही. (मूळचा सातारचा एक विद्यार्थी)

उत्तर : ‘माझे काही चुकते आहे का?’ या प्रश्नाला जपानी घरात ‘छे छे’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही, आणि खरे पाहता आपल्याकडचे यजमान तरी पाहुण्याला वेगळे काय सांगतात? म्हणून मोघम प्रश्न सोडून द्यावा आणि उत्तर देता येईल असा, एकेका गोष्टीचा प्रश्न विचारावा: रात्री फोनवर किती वाजेपर्यंत बोललेले चालेल, अंघोळीला मी कोणाच्या नंतर जाऊ, कपडे आठवड्यातून किती वेळा यंत्रात टाकू. अशा प्रश्नाला उत्तर देताना काकूंना तक्रार करावी लागत नाही, नियम सांगावा लागतो, आणि ते त्यांना कितीतरी सोपे आहे. पूर्वी त्यांनी सहज म्हणून केलेली वाक्येही आठवून पाहावीत. ‘काल रात्री उशिरापर्यंत अभ्यास चालला होता वाटते’ हे बहुधा आपल्या अभ्यासाचे कौतुक नव्हते.

आपल्या पत्रावरून दोन-तीन शक्यता दिसतात. आपण रोज रात्रीच्या जेवणानंतर साताऱ्यातील घरच्यांशी फोनवर बोलता असे लिहिले आहे. ते जेवण साताऱ्याच्या घड्याळाने असेल, तर भारतातील रात्रीचे नऊ म्हणजे जपानातील साडेबारा. जपानी घरांच्या आतल्या भिंती पातळ असतात आणि आपल्याकडे फोनवर बोलण्याचा आवाजही सहसा अंतराच्या प्रमाणात चढतो. हे संभाषण तेथील सायंकाळी, म्हणजे भारतातील दुपारी, हलवावे.

दुसरी शक्यता अंघोळीची. बाहेर लहानशा स्टुलावर बसून, साबण लावून, अंग पूर्ण धुऊन झाल्यावरच टबात शिरायचे, हे आपल्याला पहिल्या दिवशी सांगितले गेलेच असेल, आणि बादली-तांब्याची सवय असलेल्या माणसाला ते जड जाऊ नये. पण त्या टबातले तेच पाणी घरातील सर्वजण एकामागून एक वापरतात आणि अनेक घरांत ते दुसऱ्या दिवशी एका लहान पंपाने धुलाई यंत्रातही घेतले जाते. म्हणून सवयीने बूच काढून पाणी सोडून देऊ नये, बाहेर पडल्यावर पाण्यावर पडलेले केस उचलून टाकावेत आणि टबावरचे झाकण पुन्हा लावावे, नाहीतर पाणी निवते आणि पुढच्या माणसासाठी गॅस पुन्हा जाळावा लागतो. डोक्याला खोबरेल तेल लावत असाल, तर ते पाण्यावर तवंगासारखे तरंगते आणि उशीच्या अभ्र्यावरही राहते. याबद्दल कोणीही आपल्याला कधी बोलणार नाही, फक्त अंघोळीचा क्रम बदलून आपले नाव शेवटी जाईल. तसे झाले आहे का, ते पाहा.

तिसरी शक्यता, आणि माझ्या मते सर्वांत दाट, जेवणाची आहे. आपण शाळेतील मित्रांबरोबर ‘कधी कधी’ बाहेर जेवता असे आपणच लिहिले आहे. बऱ्याच घरांत फ्रिजच्या दारावर महिन्याचा तक्ता लावलेला असतो आणि त्यात प्रत्येकाच्या नावापुढे, रात्री जेवायला असल्यास वर्तुळ आणि नसल्यास फुली, अशी खूण केलेली असते. त्या तक्त्यात आपले नाव असेल, तर फुली सकाळीच मारावी. ऐन वेळी बेत बदलला, तर निदान बाजारहाट होण्यापूर्वी, म्हणजे दुपारी तीन-चारच्या आत, कळवावे. सायंकाळी सात वाजता ‘आज मी येत नाही’ असा संदेश पाठवणे, हे न कळवण्यापेक्षा फारसे वेगळे नाही, कारण तोवर मासा किंवा तोफू माणसागणिक मोजून शिजलेला असतो.

कचऱ्याचेही एकदा पाहून घ्यावे. प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण आणि वरचे वेष्टन काढून, बाटली विसळून वेगळी ठेवायची असते, आणि प्रत्येक प्रकारचा कचरा ठरावीक वारीच बाहेर जातो. आपल्या खोलीतील टोपलीत सगळे एकत्र पडत असेल, तर ते निवडण्याचे काम काकूच करत असतील. एवढे करूनही अवघडलेपण गेले नाही, तर शाळेत राहण्याची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांशी बोलावे. तेथे काकूंविरुद्ध तक्रार नोंदवायची नसून त्यांच्या मनातले काढून घेण्याची विनंती करायची आहे, कारण यजमान त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात.

प्रश्न : मी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची एन-४ पातळी उत्तीर्ण झाले आहे. घरातील लोकांचे बोलणे समजेल ना? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : सुरुवातीला फारसे समजणार नाही, आणि त्याने खचून जाऊ नये. वर्गात आपण सौजन्याची, पूर्ण क्रियापदांची भाषा शिकतो. घरात मात्र तोडलेली, अर्धी वाक्ये आणि त्यात प्रांतोप्रांतीचे वळण असते. पुण्याचे ओकायामा शहराशी मैत्रीचे नाते आहे आणि सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग त्या शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर साकारली आहे, पण त्या ओकायामातील आजोबांचे बोलणे पुण्यात शिकलेल्या जपानीशी पहिल्याच दिवशी जुळेल असे नाही. घरातली सलगीची भाषा कानावर पडू द्यावी, मात्र शिक्षकांशी आणि वडीलधाऱ्यांशी ती वापरू नये. घरातून निघताना ‘इत्तेकिमास’, परतल्यावर ‘तादाइमा’, जेवणापूर्वी ‘इतादाकिमास’ आणि नंतर ‘गोचिसोसामा’ एवढे चार उच्चार पहिल्या सकाळपासून न चुकता करावेत. यजमान दांपत्याला आई-बाबा म्हणायचे की आडनावापुढे ‘सान’ लावायचे, ते त्यांनाच विचारावे. तिशीतल्या यजमानीणबाईंना ‘आई’ म्हटलेले रुचेलच असे नाही.

प्रश्न : यजमानांसाठी भेट म्हणून हापूसची पेटी नेता येईल का? आणखी काय न्यावे? (एक पालक, रत्नागिरी)

उत्तर : पेटी नेऊ नये, कारण ती विमानतळावरच जप्त होईल. ताजी फळे, भाज्या, बियाणे, इतकेच काय कढीपत्त्याची पानेही वनस्पती-तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत. मांसाचे पदार्थही जवळजवळ सर्वच वर्ज्य आहेत. भेट लहान आणि स्वस्त असावी, कारण महागडी वस्तू मिळाली की यजमान परतफेडीच्या विवंचनेत पडतात. सुट्या वेष्टनांतील काजू, नाचणीची बिस्किटे, कमी तिखट बाकरवडी किंवा वारली चित्र असलेला लहानसा कापडी बटवा पुरेसा आहे. चिक्की नेण्यापूर्वी घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, ते विचारावे.

मिक्सर नेऊ नये. जपानमधील वीजपुरवठा १०० व्होल्टचा असल्याने आपला २३० व्होल्टचा मिक्सर तेथे चालत नाही. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर बहुधा चालतात, फक्त दोन चपट्या पट्ट्यांचा प्लग लागतो. औषधांबाबत विशेष दक्षता घ्यावी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून अधिक न्यायची तर आधी आयात-पुष्टीपत्र मिळवावे लागते. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेल्या सर्दीच्या गोळ्या नेण्यास मनाई आहे, त्यामुळे घरातील औषधांचा डबा उचलून तसाच सामानात टाकू नये.

प्रश्न : भूकंपाच्या भीतीने आजी नातवाला पाठवायला तयार नाही. काय सांगावे? (एक पालक, लातूर)

उत्तर : लातूरकरांना १९९३ नंतर भूकंपाची भीती समजावून सांगावी लागत नाही, आणि जपानमध्ये भूकंप होत नाहीत असे सांगून आजींची समजूतही काढता येणार नाही. मात्र तेथील घरे आणि माणसे त्यासाठी तयार असतात, हे सांगता येईल. जून १९८१ नंतर मंजूर झालेल्या इमारतींना अधिक कडक भूकंपरोधक निकष लागू आहेत. म्हणून राहण्याचे घर केव्हाचे आहे, हा प्रश्न यजमानांना किंवा संस्थेला विचारण्यात गैर काहीच नाही. नातवाने पहिल्याच आठवड्यात यजमानांबरोबर जवळच्या आश्रयस्थानापर्यंत एकदा चालून यावे, फुटलेल्या काचेवर पाय पडू नये म्हणून पलंगाजवळ पायांत घालायला काहीतरी ठेवावे आणि आपत्तीच्या वेळी निरोप ठेवण्याची १७१ क्रमांकाची सेवा कशी वापरायची, ते शिकून घ्यावे.

प्रश्न : सहा महिने एका कुटुंबात राहिल्यानंतर आता मला मैत्रिणीबरोबर स्वतंत्र खोली घ्यायची आहे. त्यांना वाईट न वाटता हे कसे सांगावे? (जपानमधील एक विद्यार्थिनी, मूळ गाव पणजी)

उत्तर : करारात मुदत दिली असेल ती पाळावी आणि नसेल, तर निदान महिनाभर आधी सांगावे. मात्र आधी यजमानांना तोंडी आणि मग शाळेला, हा क्रम ठेवावा, कारण शाळेकडून आलेला फोन हीच पहिली बातमी ठरली, तर ते मनाला लागते. कारण खरे सांगावे, परंतु त्यांच्या घरातील गैरसोयींची यादी करू नये. खोली घेताना अनामत रकमेखेरीज घरमालकाला द्यायची ‘रेइकिन’ ही परत न मिळणारी रक्कम आणि हमीदार कंपनीचे शुल्क लागू शकते. त्याची तजवीज झाल्याशिवाय निरोप घेऊ नये, आणि यजमानांनी हमीदार व्हावे अशी अपेक्षा तर करूच नये. नव्या घरात गेल्यापासून १४ दिवसांच्या आत पत्ता बदलल्याची नोंद नगरपालिका कार्यालयात करावी लागते आणि आरोग्य विम्याचा पत्ताही त्याच वेळी बदलून घ्यावा. आपले वय २० पूर्ण झाले असल्यास राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी लागू होते. विद्यार्थ्यांना ती पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, तो करणे येथे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

खोलीची साफसफाई करून किल्ली परत द्यावी आणि एखादे हस्तलिखित पत्र ठेवावे. नंतर संबंध टिकवायचा असेल, तर नववर्षाचे पोस्टकार्ड पाठवण्याची प्रथा आपल्या उपयोगाची आहे. ती कार्डे १५ ते २५ डिसेंबर या काळात टाकली, तर १ जानेवारीला सकाळी घरी पोहोचतात. मात्र त्या वर्षी त्या घरात कोणाचे निधन झाले असल्यास, डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तशी सूचना देणारे कार्ड त्यांच्याकडून येते, आणि ते आले असेल, तर नववर्षाचे कार्ड पाठवायचे नसते.